सैल झाकणं

स्टीलच्या डब्याचं घट्ट बसलेलं झाकण उघडताना आधी अंगठा धातूवर घासल्याची बारीक कुरकुर होते, मग आत कोंडलेली हवा सुटल्याचा एक अस्फुट उसासा, आणि मग ‘टक्’. त्या ‘टक्’च्या पाठोपाठ वास येतो. लसणाच्या फोडणीचा, पोळीच्या पदरांत मुरलेल्या तुपाचा, कोपऱ्यात कोंबलेल्या लिंबाच्या लोणच्याचा. आवाज आणि वास इतके लगटून येतात की पुढे पुढे नुसत्या आवाजानंही तोंडाला पाणी सुटावं. जिच्या बोटांत बळ आहे तिला हा आवाज ऐकूच येत नाही. जेवणाच्या सुट्टीतल्या कलकलाटात तो तिच्याच हातून होतो आणि विरून जातो. मला मात्र तो आजही भर गर्दीतून ऐकू येतो. वर्षानुवर्षं तो माझ्या हातून झाला नाही. माझ्या डब्याचा आवाज दुसऱ्या कुणीतरी केला.

तिशी नुकतीच ओलांडली होती, मुलगी बालवाडीत होती, डोंबिवलीहून फोर्टातल्या कचेरीत रोजची ये-जा होती, आणि एका पावसाळ्यात माझी बोटं धरली. आधी वाटलं, काल चादरी पिळल्या म्हणून असेल. मग वाटलं, हवेत ओल आहे. घरातल्या मोठ्यांना वाटलं, या वयात कसला वात! त्यांचंही चूक नव्हतं. वात म्हणजे गुडघ्यावर हात ठेवून जिना चढणारी आजी, एवढंच चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. मधल्या पेरांवर सूज घेऊन उठणारी, कंगवा धरता न येणारी, लेकीच्या वेण्या घालताना ओठ चावणारी तरुण बाई त्या चित्रात कुठेच नव्हती. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि चिठ्ठीवर एक लांबलचक नाव उमटलं, रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं होणारा. आणि त्याच कुळातला तो ल्युपस, त्याच्या दर दहा रोग्यांत नऊ बायका, तीही बहुतेक ऐन नोकरी-बाळंतपणाच्या वयात. हे आजार कॅलेंडर बघून येतात की काय, असं वाटतं कधी कधी.

या आजाराची पहाट मला कधी कुणाला नीट सांगता आली नाही. साडेचारला जाग यायची, पण जाग फक्त डोळ्यांना. हात अजून रात्रीतच असायचे. मुठी अर्धवट मिटलेल्या. उघडता यायच्या नाहीत, पुरत्या आवळताही यायच्या नाहीत. लायटर दाबता यायचा नाही म्हणून काडेपेटी, काडी ओढता यायची नाही म्हणून नवरा. तो झोपेतच उठून गॅस पेटवायचा, पातेलं ठेवायचा, बोट बुडवून ऊब बघायचा आणि एक शब्द न बोलता पुन्हा आडवा व्हायचा. मी ओट्यापाशी उभी, दोन्ही हात मनगटापर्यंत कोमट पाण्यात. खिडकीबाहेर अंधार, खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची पहिली शिट्टी, लांब रुळांवर गाडीची धडधड. त्या उबेत एकेक पेर हळूहळू परत माझं व्हायचं. आधी करंगळी. अंगठा सगळ्यांच्या शेवटी.

डॉक्टर म्हणाले होते, पहाटेच्या सुमाराला सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात चढतात, आणि तिला आवर घालणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल नेमकं तेव्हाच अपुरं पडतं. म्हणून तास-दीड तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, अंग आखडलेलं राहतं. शरीराला राखणारी शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, असंही ते म्हणाले. पुढे भेटणारं प्रत्येक माणूस हे लढाईच्या भाषेत सांगायचं. सैन्य फिरलंय, तू लढवय्यी आहेस, हरू नकोस. मला ती भाषा कधी मानवली नाही. ज्या देहाला सोबत घेऊन सकाळची ठरलेली गाडी पकडायची आहे, त्याच्याशी कसलं युद्ध मांडायचं? त्याला गोंजारायचं, चुचकारायचं, चल बाबा, आज एवढं कर, म्हणायचं.

कचेरीच्या मस्टरवर त्या आखडलेल्या तासाला जागा नव्हती. दहा वाजून दहा मिनिटं झाली की लाल शाईची खूण, आणि तीन खुणा झाल्या की एक कॅज्युअल कापली. बायकांसाठी अख्खी गाडी सोडता येते हे पश्चिम रेल्वेनं ५ मे १९९२ला चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल काढून दाखवलं होतं. एका बाईसाठी एक तास पुढेमागे सरकवणं मात्र कुठल्याच कचेरीच्या वेळापत्रकात बसत नव्हतं. आमच्या मध्य रेल्वेच्या साध्या लेडीज डब्यातल्या बायकांना यातलं काही शिकवावं लागलं नाही.

गाडीत माणसांना नावं नसतात, स्टेशनं असतात. बदलापूरच्या काकू, अंबरनाथच्या वहिनी, कल्याणची ती ठसकेबाज पोरगी. डोंबिवलीला चढणाऱ्या बाईनं उभंच राहायचं असतं, फार तर चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकायचं. वरची कडी मला धरता यायची नाही. एकदा काकूंनी माझ्या हातांकडे पाहिलं, फक्त पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून काकू आणि वहिनी यांच्यामध्ये एक पिशवी बसून येऊ लागली. डोंबिवली आली की पिशवी मांडीवर जायची आणि मी तिच्या जागी. कुणी काही विचारलं नाही. पदराची पिन कधी अंबरनाथच्या वहिनी लावून द्यायच्या, घड्याळाचा पट्टा कल्याणची पोरगी, तोंडानं सासूची नक्कल चालू ठेवून. थंडीत वाटाणे सोलायला पिशव्या फिरायच्या, त्या माझ्यावरून अलगद पुढे सरकायच्या. मंगळवारी भजनं व्हायची. सगळ्या टाळ्या वाजवायच्या, मी शब्द सांगायचे. पहिल्या मंगळवारीच कुणीतरी म्हणालं होतं, “तुझं पाठांतर चांगलं आहे, तू सांग, आम्ही म्हणतो.” माझं पाठांतर काही एवढं चांगलं नव्हतं. माझ्या वाटच्या टाळ्या त्या वाजवत होत्या, इतकंच.

आणि कचेरीत ताई होत्या. आमच्या सेक्शनमध्ये मधल्या टेबलावर बसायच्या, बोलणं मोजकं, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. एक वाजला की सगळ्यांचे डबे टेबलावर यायचे. ताई माझा डबा उचलायच्या, बोलता बोलताच, कुणाच्या तरी बदलीची नाहीतर महागाई भत्त्याची गोष्ट चालू असताना. अंगठ्याचा एक झटका, कुरकुर, उसासा, ‘टक्’. आणि मग ते झाकण त्या डब्यावर पुन्हा ठेवायच्या. सैल. नुसतं टेकवलेलं. डबा माझ्यापुढे सरकवून त्या स्वतःच्या डब्याकडे वळायच्या. मला वाटायचं, सवय असेल. बऱ्याच दिवसांनी उमगलं की सगळ्या जमलेल्या असताना माझा डबा मीच उघडावा, यासाठी ते होतं. त्या सैल झाकणाखाली माझी भाजी झाकलेली असायची आणि आणखीही काहीतरी.

“उघडून देऊ का?” असं ताईंनी मला कधीच विचारलं नाही. विचारणं वाईट नसतं. पण विचारलं की हो म्हणावं लागतं, आणि दिवसातून कितीदा हो म्हणायचं? पाण्याच्या बाटलीला हो, फायलीच्या टॅगला हो, स्टेपलरला, तिजोरीच्या किल्लीला, बाथरूमच्या कडीला. संध्याकाळपर्यंत त्या होकारांनीच बाई थकते. आभार मानून तर आणखी थकते. मोठ्या मदतीला माणसं चटकन धावतात; दवाखान्यात शहाळी येतात, देवाचा अंगारा येतो. पण हा आजार दवाखान्यात कमी राहतो. तो मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता, पंचिंग मशीनपाशी असतो.

घरीही हे झाकणांचं लोण कसं पोचलं, कोण जाणे. सासूबाईंनी पहिल्या वर्षी पुष्कळ उसासे टाकले, चार वैद्य केले, सुंठ-एरंडेल केलं. मग एके दिवशी स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं सैल झाली. मिठाची, साखरेची, चहाची, मसाल्याच्या डब्याचीसुद्धा. त्या पावसाळ्यात आमच्या घरातला चिवडा सादळला, पापड मऊ पडले, मिठाला पाणी सुटलं. मुलगी चिवड्याचा तोबरा भरून म्हणाली, “आजी, हा कुरकुरीत का नाही?” सासूबाई म्हणाल्या, “आपल्याकडे असाच करतात.” माझ्या जिभेवर अजून ती चव आहे, मऊ पडलेल्या पोह्यांची, किंचित खवट दाण्यांची. त्याच्याइतका चविष्ट चिवडा मी पुन्हा खाल्ला नाही, असं म्हटलं तर लोक हसतील. हसू देत.

मध्यंतरी एक काळ स्टेरॉइडचा आला. त्याची गोष्ट मला फार पुढे वाचायला मिळाली. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं होतं की गरोदरपणात आणि कावीळ झाली असताना संधिवाताचं दुखणं ओसरतं; म्हणजे शरीरातच कुठेतरी याचा उतारा तयार होत असणार. एडवर्ड केंडल यांनी वेगळं काढलेलं एक द्रव्य हेंचनी २१ सप्टेंबर १९४८ला पहिल्यांदा एका २९ वर्षांच्या बाईला टोचलं. हलताही न येणारी ती बाई काही दिवसांतच चालत खरेदीला बाहेर पडली. दोन वर्षांनी, १९५०मध्ये, त्या कामाला नोबेल मिळालं. मला त्या नोबेलपेक्षा ती खरेदीला गेलेली बाई जास्त आठवते. काय घेतलं असेल तिनं? हातमोजे? चपला? की नुसतीच दुकानांची दारं स्वतःच्या हातानं ढकलून आली असेल?

तेच औषध पुढे आपलं देणंही वसूल करतं, हेही जगाला लवकरच कळलं. माझा चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला. “तब्येत सुधारली गं तुझी!” म्हणून कचेरीत कौतुक झालं. रात्री झोप यायची नाही, हाडं आतून ठिसूळ होत होती, आणि वर हे कौतुक. काय बोलणार? दिसत नाही असं दुखणं घेऊन जगणाऱ्या बाईला सगळ्यात जड जातात त्या या प्रेमळ शाबासक्या. “किती छान दिसतेस, तुला काही झालंय असं वाटतच नाही.” म्हणजे आता पुढच्या आठवड्यात रजा मागायची ती कोणत्या तोंडानं?

मग आली शनिवारची गोळी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि नोकरी करणाऱ्या आम्ही बहुतेक जणी ती शनिवारी रात्री घेतो, कारण दुसऱ्या दिवशीची मळमळ, ते डोक्यात भरलेलं धुकं, ती कशालाच हात लावू नये अशी मरगळ रविवारात जिरवता येते. कचेरीला सोमवारी धडधाकट बाई मिळते. रविवार कुणाचा गेला, हे कोण विचारतं? या गोळीशी माझं नातं तसं गोड कधीच नव्हतं, पण एक गोष्ट कळली तेव्हापासून ती हातावर घेताना थोडं थांबायला होतं. आंध्रातल्या भीमवरमला १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव, अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते, आणि फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवणं आणि त्याच्याच विरोधी गुणाचं मेथोट्रेक्सेट घडवणं, दोन्ही कामं त्यांच्याच चमूची. शनिवारच्या गोळीचा जाच कमी व्हावा म्हणून आठवड्यात जी दुसरी पिवळी गोळी देतात, ती फॉलिक ॲसिडचीच. दुखवणारा आणि फुंकर घालणारा हात एकच निघाला. १९४८मध्ये ते गेले. संधिवातावर ही गोळी सर्रास दिली जाऊ लागली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी.

ती गोळी चालू असताना मूल होऊ द्यायचं नसतं. आताच्या मुली डॉक्टरांशी बोलून, औषधं बदलून, काही महिने आधीपासून आखणी करून आई होतात, आणि बऱ्याचदा सुखरूप होतात. आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार पुढे ढकलला. तो ढकललेलाच राहिला.

नोकरी करणारी बाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पर्स आणि लोकलचा पास येतो. माझ्याही यायचा. मग पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या भिगवणच्या कामाबद्दल वाचलं. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला आपण जातो ना, तेच भिगवण. तिथे १९९६मध्ये त्यांच्या माणसांनी घरोघर जाऊन गावाला विचारलं, तुमचं काय दुखतं? हजारी साधारण पाच माणसांना हाच आजार निघाला. मी ते वाचून बराच वेळ नुसती बसून होते. खुरपं धरायला चार बोटं नीट मिटावी लागतात. गाईच्या आचळांना अंगठ्याचा जोर लागतो. तिथे लाल शाईची खूण करणारं कुणी नव्हतं, पण आखडलेल्या सकाळी घरी बसली तर त्या दिवसाची मजुरीही नव्हती. दारात कुणीतरी येऊन, पाट मांडून, वहीत लिहून घेत, “बाई, तुमचं काय दुखतं?” म्हणून विचारतंय, हे त्या बायांना कसं वाटलं असेल? कदाचित पहिल्यांदाच कुणी विचारलं असेल. कदाचित त्यांनी “काही नाही” म्हटलं असेल, आणि मग हात पदराखाली घेतले असतील.

निवृत्तीच्या जवळ आले होते तेव्हा आमच्या सेक्शनला एक नवी मुलगी आली. सव्वीस वर्षांची, हसरी, गालांवर नाकावरून पसरलेली लाली. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या आणि छत्री. मला सांगावं लागलं नाही. ल्युपस होता तिला, आणि तिचं टेबल नेमकं पश्चिमेच्या खिडकीला लागून. तीननंतरचं ऊन तावदानातून थेट तिच्या गालावर उतरायचं, आणि त्या उन्हानं तिचा आजार उसळायचा. कधी ती फायल आडवी धरायची, कधी खुर्ची वाकडी करून बसायची. मार्च २०२०मध्ये तिची रोजची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन एकाएकी दुकानांतून नाहीशी झाली. सरकारनं ती कोरोनापासून बचाव म्हणून आरोग्यसेवकांना सुचवली होती, आणि ज्यांना कुणी सुचवली नव्हती त्यांनीही घरात साठे करून ठेवले. तिचे वडील डोंबिवली ते मुलुंड दुकानं पालथी घालत होते. आमच्या कल्याणच्या पोरीनं, जी आता पोरगी राहिलेली नव्हती, उल्हासनगरच्या आपल्या भावाच्या ओळखीतल्या दुकानातून दोन पट्ट्या मिळवल्या. गाड्या बंद होत्या, तरी गाडीतल्या बायका एकमेकींना सापडत होत्या.

कचेऱ्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मी तिला म्हटलं, अर्ज कर. ती म्हणाली, “नको मॅडम, उगीच नजरेत येईन.” हे मला पाठ होतं. मीही असंच म्हणत आले होते, आणि माझं निभावलं ते ताईंमुळे, काकूंमुळे, सासूबाईंमुळे. पण ताई निवृत्त होतात. काकू गाडी बदलतात. बायांच्या मायेवर एका बाईची नोकरी किती वर्षं चालवायची? जे ताईंनी अंगठ्यानं केलं ते कागदावरही कुठेतरी असायला हवं, असं मला आताशा फार वाटतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजलेत. त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, सिकल सेल आहे, आमच्या दोघींच्या आजारांची नावं नाहीत. कामाच्या ठिकाणी वाजवी सोय करून द्यावी हे तत्त्व मात्र त्यात स्वच्छ लिहिलंय. नाव नाही तर नाही, तत्त्वाला धरून मागू.

आम्ही दोघींनी बसून लिहिलं. “विषय : बसण्याची जागा बदलून मिळणेबाबत व सकाळच्या उपस्थितीत एक तासाची सवलत मिळणेबाबत.” तिच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांनी अर्ज दोनदा वाचला, जागेचं लगेच मान्य केलं, आणि तासाच्या ओळीवर पेनाचं टोक टेकवून म्हणाले, “यात कालावधी लिहिलेला नाही. किती दिवसांसाठी पाहिजे?”

ती माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलले नाही. “बरं वाटेपर्यंत” हे शब्द तिच्या ओठांवर आलेले मला दिसत होते. तिनं अर्ज ओढून घेतला, पेन उचललं, आणि रिकाम्या जागी नीट, सावकाश अक्षरात लिहिलं : सेवानिवृत्तीपर्यंत.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “म्हणजे अजून बत्तीस वर्षं?”

“हो सर,” ती म्हणाली.